ग्लोव्ह बॉक्समधलं ते पुस्तक: गाडीतल्या सोयी वापरायच्या कशा आणि कंपनीकडून काम करून घ्यायचं कसं

नव्या गाडीची डिलिव्हरी म्हणजे आपल्याकडे अर्धी पूजा आणि अर्धं फोटोसेशन. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, पेढे, आणि घरातल्या थोरल्या माणसाच्या हातात ती पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली. या गडबडीत शोरूमचा मुलगा दहा मिनिटांत गाडी ‘समजावून’ सांगतो, आपण मान डोलावतो आणि निघतो. त्याच्या बोलण्यातलं घरी पोचेपर्यंत फार तर ब्लूटूथ कसं जोडायचं तेवढं लक्षात राहतं.

आमचे दादा, म्हणजे वडील, दोन पावसाळे आंबा घाटातून रत्नागिरीला जाताना काच पुसत गेले. म्हणजे दादा चालवायचे आणि शेजारी बसून आई पंचानं काच पुसायची. काचेवरचं धुकं घालवायचं बटण समोरच होतं, दोन वर्षं कोणी दाबलं नव्हतं. मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समध्ये, कंपनीच्या प्लास्टिकच्या पाकिटात, जसंच्या तसं.

तेव्हापासून नातेवाइकांत कोणाची गाडी आली की मी एक सकाळ मागून घेतो. त्या सकाळी काय करतो आणि पुढे काही बिघडलं तर कोणाकडे, कुठल्या क्रमानं जायचं, ते खाली लिहितोय. गाडी जुनी असली तरी चालेल, जुन्या गाडीच्या मालकाला उलट जास्तच सापडतं.

आधी एक सकाळ काढा

गाडी सावलीत उभी करा. मॅन्युअल हातात घ्या. ते हरवलं असेल, किंवा गाडी सेकंडहँड घेतली असेल आणि पहिल्या मालकानं दिलंच नसेल, तर बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर त्याची पीडीएफ मिळते. मॉडेल आणि वर्ष बरोबर निवडा. एकाच नावाच्या गाडीची दोन वर्षांतली डॅशबोर्डं वेगळी असू शकतात.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचू नका, झोप येईल. चालकाच्या सीटवर बसा आणि डावीकडून उजवीकडे एकेक बटण घेऊन त्याचं पान शोधा. एक गोष्ट ध्यानात असू द्या: मॅन्युअल त्या मॉडेलच्या सगळ्या व्हेरिएंटसाठी एकच छापतात. ‘असल्यास’ अशा अर्थाची खूण जिथे आहे ती सोय तुमच्या गाडीत नसेलही. नसलेलं बटण शोधत बसू नका, आणि त्यावरून शोरूमशी भांडूही नका.

भाषेचं म्हणाल तर ही पुस्तकं बहुतेक इंग्रजीत असतात, आणि तीही वकिलानं लिहिल्यासारखी. फोनच्या कॅमेऱ्यातून पानाचं भाषांतर होतं, ते ओबडधोबड असलं तरी कामापुरतं कळतं. मी मात्र दादांसाठी एका कागदावर मराठीत हातानं लिहून दिलं: टायरची हवा किती, कुठला दिवा लागला तर थांबायचं, स्टेपनी कुठे, जॅक कुठे, मदतीचा नंबर कुठला. तो कागद घडी घालून सनवायझरमागे आहे. पुस्तकापेक्षा त्याचाच उपयोग जास्त झाला.

डॅशबोर्डवरचे दिवे

इंजिन चालू न करता फक्त इग्निशन ऑन करा. बटणाची गाडी असेल तर बहुतेक गाड्यांत ब्रेकवर किंवा क्लचवर पाय न ठेवता बटण दोनदा दाबायचं. सगळे दिवे एकदम लागतात, त्यातले बरेचसे थोड्या वेळात विझतात. ही गाडीची हजेरी समजा. एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही, किंवा लागला आणि तसाच राहिला, तर एअरबॅगच्या यंत्रणेत बिघाड आहे. सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा ही तपासणी नक्की करा. काही महाभाग खराब दिव्याचा बल्बच काढून ठेवतात.

रंगांचा नियम सोपा आहे. लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे दाखवून घ्या, हिरवा किंवा निळा म्हणजे काहीतरी चालू आहे एवढंच. निळा दिवा म्हणजे हेडलाइट अप्परवर आहे, आणि समोरचा तुम्हाला शिव्या देतोय.

लाल दिव्यांतही फरक आहे. तेलाच्या किटलीचं चित्र लागलं तर इंजिनात ऑइलचा दाब नाही. पुढच्या गावापर्यंत जाऊ असं म्हणू नका, बाजूला घ्या आणि बंद करा. त्या पाच किलोमीटरात इंजिन जाम होतं आणि खर्च लाखाच्या घरात जातो. पाण्यात बुडवलेल्या थर्मामीटरचं चित्र म्हणजे इंजिन तापलंय. थांबा, बॉनेटमधून वाफ येत असेल तर जवळ जाऊ नका, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना कोणीही कितीही सांगितलं तरी उघडू नका. बॅटरीचं चित्र दिसलं तर चार्जिंग थांबलंय. एसी आणि गाणी बंद करून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येईल, पण मध्ये चहाला गाडी बंद केलीत तर परत चालू होईलच असं नाही. स्टिअरिंगही अचानक जड झालं तर एकाच पट्ट्यावर बऱ्याच गोष्टी चालणारी गाडी असेल, तो पट्टा तुटलेला असू शकतो, मग पुढे नेऊ नका. वर्तुळातलं उद्गारचिन्ह बहुतेकदा हँडब्रेक अर्धवट ओढलेला असल्यानं लागतं. हँडब्रेक पूर्ण सोडूनही राहिलं तर ब्रेक ऑइल कमी झालंय, तेव्हा चालवू नका.

पिवळ्यांत सगळ्यांना घाबरवणारा तो इंजिनचा दिवा. स्थिर लागला असेल तर दोन-चार दिवसांत दाखवा, कधी कधी इंधनाचं झाकण नीट न लागल्यामुळेही काही गाड्यांत तो लागतो. लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर करतंय, म्हणजे आत इंधन नीट जळत नाहीये. वेग कमी करा आणि लवकर दाखवा, नाहीतर सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो आणि तो स्वस्त नसतो.

बीएस ६ डिझेलवाल्यांनी आणखी एक दिवा ओळखून ठेवावा. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे गाड्यांच्या धुराचे कडक नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर आला, त्याला डीपीएफ म्हणतात. ही काजळी जाळायला इंजिनाला सलग आणि जरा वेगात धावावं लागतं. कोथरूडहून डेक्कन, डेक्कनहून कोथरूड एवढंच जिचं विश्व आहे, त्या गाडीत फिल्टर तुंबतो. दिवा लागला की मॅन्युअलमधलं ते पान काढा. साधारण पंधरा-वीस मिनिटं हायवेवर एका वेगात चालवायला सांगितलेलं असतं. घरी पोचल्यावर पंखा जोरात फिरतोय आणि आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग) नेहमीपेक्षा चढं आहे असं वाटलं तर जाळण्याचं काम चालू असेल, मधेच बंद करू नका. माझं मत विचाराल तर रोजचा प्रवास दहा किलोमीटरचा असेल तर डिझेल घेऊच नये.

काचेवरचं धुकं

यावर जरा रेंगाळतो, कारण घाटात जीवावर बेततं ते इथेच.

आधी बोटानं काच आतून पुसून बघा. बोटाची रेघ उमटली तर धुकं आतून आहे. नाही उमटली तर बाहेरून आहे. दोन्हींचा उपाय उलटा आहे, आणि गोंधळ नेमका इथे होतो.

आतून असेल तर माणसांच्या श्वासाची आणि ओल्या कपड्यांची वाफ काचेवर बसलीय. पंख्याच्या आकाराची काच आणि तिच्यावर तीन नागमोडी बाण, असं बटण दाबा. एसी चालू ठेवा, कारण एसी हवेतला ओलावा काढून घेतो. गाडीच्या चित्रात गोल फिरणारा बाण असलेलं बटण, म्हणजे आतलीच हवा फिरवणारं, ते बंद करा. थंडी वाजत असेल तर तापमान वाढवा, एसी बंद करू नका. ‘पावसात कशाला एसी’ हा आईचा युक्तिवाद होता, आणि म्हणूनच तिला पंचा घेऊन बसावं लागत होतं. अर्ध्या मिनिटात काच साफ व्हायला लागते.

बाहेरून असेल तर एसीचा गार झोत काचेवर पडून काच थंड झालीय आणि बाहेरच्या दमट हवेतली वाफ तिच्यावर जमतेय. वायपर एकदा फिरवा, तापमान वाढवा, झोत काचेवरून छातीकडे वळवा. कोकणात उतरताना आणि गोव्यात रात्री हे हमखास होतं. मागच्या काचेचं बटण वेगळं, चौकोनी काचेवर तेच बाण. त्या काचेतल्या बारीक तारा तापतात. काच आतून घासताना पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं आडवं फिरवा आणि त्यावर स्टिकर लावून खरवडू नका, तार तुटली की तेवढी ओळ तापत नाही.

आणखी एक, जाता जाता. धुक्यात आणि पावसात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून जाण्याची आपल्याकडे प्रथा पडलीय. ते बटण थांबलेल्या गाडीसाठी आहे. ते चालू असताना तुम्ही वळताय की सरळ जाताय ते मागच्याला कळत नाही. हेडलाइट लोअरला ठेवा आणि फॉग लॅम्प असतील तर ते लावा.

बिनपैशाच्या छोट्या गोष्टी

पेट्रोलच्या काट्याशेजारी एक छोटा त्रिकोण असतो. तो ज्या बाजूला, टाकीचं झाकण त्या बाजूला. झाकणाच्या आत इंधनाचं स्टिकर असतं. तुमची गाडी ई २० पेट्रोलला (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) चालते का, ते तिथे किंवा मॅन्युअलमध्ये मिळतं.

चालकाचं दार उघडा आणि खांबावरचं स्टिकर बघा. टायरची हवा किती, रिकाम्या गाडीत आणि भरलेल्या गाडीत किती, सगळं तिथे आहे. बहुतेक गाड्यांत आकडा तिशीच्या पुढे आणि पस्तिशीच्या आसपास असतो. पंपावरचा पोरगा ‘साहेब, किती भरू?’ विचारतो तेव्हा आपण ‘नॉर्मल’ म्हणतो. नॉर्मल असा आकडा नसतो, स्टिकरवरचा सांगा. हवा टायर थंड असताना भरायची. हवा भरल्यावरही टायरचा दिवा विझत नसेल तर काही गाड्यांत बटणानं किंवा स्क्रीनवरून रीसेट करावं लागतं, दिवा आपोआप जात नाही. सेन्सर खराब आहे म्हणून पैसे भरण्याआधी हे करून बघा.

हेडलाइटच्या स्विचजवळ ० ते ३ आकड्यांचं चाक असतं. मागे तीन माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या भरल्या की गाडीचा मागचा भाग खाली बसतो आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो. चाक वरच्या आकड्याला फिरवा, उजेड खाली येतो. आतल्या आरशाखालची पट्टी रात्री ओढली की मागचा उजेड मंद होतो. या दोन गोष्टी सगळ्यांनी वापरल्या तर रात्रीचा हायवे निम्म्यानं सुसह्य होईल.

ऐंशीच्या पुढे गेलं की गाडी ‘टिंग टिंग’ करते, एकशेवीसच्या पुढे सतत वाजत राहते. हा बिघाड नाही. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या कारना ही सोय बंधनकारक आहे, मागचा पार्किंग सेन्सर आणि पुढच्या दोन्ही सीटच्या बेल्टची आठवणही त्याच नियमातली. बेल्टच्या आवाजाला गप्प करायला नुसती पितळी चकती अडकवणारे मला भेटलेत. त्यांना मी काही सांगत नाही, त्यांच्या बायकोला सांगतो.

रिमोटमधली बॅटरी संपली तर गाडी बंद पडलेली नसते. रिमोटच्या पोटात धातूची किल्ली असते, तिनं दार उघडतं. मग बहुतेक बटणाच्या गाड्यांत रिमोट स्टार्ट बटणाला टेकवून तेच बटण दाबलं की इंजिन चालू होतं, काहींत त्यासाठी खोबण असते. ती कुठे आहे ते आजच बघा. बॅटरी बहुतेकदा गोल नाण्यासारखी असते, सीआर २०३२ सारखा नंबर तिच्यावर लिहिलेला असतो, घड्याळजीकडे मिळते.

गाडीची मोठी बॅटरी बदलल्यावर काच एका दाबात पूर्ण वर जाणं बंद होतं. पुष्कळ लोक मग खिडकीची मोटर बदलायला निघतात. काच पूर्ण वर नेऊन स्विच काही सेकंद वर धरून ठेवा, बहुतेक गाड्यांत ती परत शिकते. नेमकी पद्धत मॅन्युअलमध्ये असते.

मागच्या दाराच्या कडेला बारीक चाइल्ड लॉक असतं. घरी लहान मूल असेल तर ते लावा. बाळाची उलट तोंडाची सीट पुढच्या एअरबॅगसमोर कधीच ठेवायची नाही.

एबीएस असलेल्या गाडीत ब्रेक पूर्ण दाबल्यावर पायाखाली धडधड होते. घाबरून पाय उचलू नका, ते चाकं अडकू नयेत म्हणून चाललेलं काम आहे. जुन्या शिकवणीतलं ‘ब्रेक पंप करा’ इथे चालत नाही. हिल होल्ड असेल तर चढावर गाडी दोनेक सेकंदच धरून ठेवते, तेवढ्यात निघा, तिच्या भरवशावर फोन उचलू नका. ऑटोमॅटिक किंवा एएमटी (क्लच आणि गिअर यंत्रच हाताळतं ती) गाडी चढावर एक्सलेटर धरून उभी ठेवू नका. एएमटीत क्लच जळतो.

पाण्यात गाडी अडकली तर

२६ जुलै २००५ ला सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तसा पाऊस दरवर्षी नाही पडत, पण गाडीत पाणी शिरायला तसा पाऊस लागतही नाही. भुयारी मार्गात किंवा सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी पुरतं.

पाणी ओसरल्यावर स्टार्टर मारून बघू नका. इंजिनात हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे आत पाणी असताना फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्याच्या साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत (नुसत्या थर्ड पार्टीत नाही) पाणी भरून झालेल्या नुकसानाचा दावा मान्य होतो, पण भरलेल्या पाण्यात स्टार्टर मारून इंजिन गेलं तर ते तुमच्या हातानं केलेलं समजून नाकारलं जातं. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं वेगळं कव्हर मिळतं. मुंबई, ठाणे, कोल्हापूर, सांगली अशा ठिकाणी राहत असाल तर ते घेतलेलं बरं. पाण्याची पातळी दिसेल असा फोटो काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार सुटत असेल तर काढा आणि गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, चढवून न्या.

स्क्रीन आणि ॲप

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत सिमकार्ड आतच असतं. ह्युंदाईचं ब्लूलिंक, कियाचं किया कनेक्ट, एमजीचं आय-स्मार्ट, मारुतीचं सुझुकी कनेक्ट, टाटाचं आयआरए, नावं वेगळी, काम तेच: गाडी कुठे आहे, दारं लागलीत का, एसी आधीच चालू करता येतो का. ही सेवा काही वर्षं फुकट, नंतर पैसे भरून. मुदत कधी संपते ते आज बघा, कारण छतावरचं आपत्कालीन बटणही अनेकदा याच सेवेवर चालतं. संकटात दाबल्यावर ‘तुमची सदस्यता संपली आहे’ ऐकू येणं बरं नाही.

सेकंडहँड गाडी घेतलीत तर पहिल्याच दिवशी स्क्रीन फॅक्टरी रीसेट करा आणि कंपनीकडून ॲप तुमच्या नावावर करून घ्या. नाही तर गाडी तुमची, पण ती रात्री कुठे उभी असते ते पहिल्या मालकाला त्याच्या फोनवर दिसत राहतं. विकतानाही हेच, उलट बाजूनं.

समोरच्या काचेमागे कॅमेरा असेल, म्हणजे लेन सांभाळणारी किंवा आपोआप ब्रेक लावणारी सोय असेल, तर एक्सप्रेसवेवर दगड लागून काच बदलल्यावर त्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नेमकी जुळवणी, परत करावी लागते. विम्याच्या कामात हे सुटतं. बिलात ती ओळ आहे का बघा. आणि ही सोय रस्त्यावरचे पट्टे बघून चालते. जिथे पट्टेच पुसले गेलेत तिथे ती तुमच्याहून जास्त गोंधळलेली असते.

सर्व्हिसिंगला टाकताना

पहिल्या दोन-तीन सर्व्हिस फुकट म्हणजे मजुरी फुकट. ऑइल आणि फिल्टरचे पैसे लागतात, तिथे वाद घालू नका. वाद घालायची जागा वेगळी आहे.

मॅन्युअलमध्ये किंवा सोबतच्या सर्व्हिस पुस्तिकेत एक तक्ता असतो: किती किलोमीटरला काय बदलायचं, काय नुसतं तपासायचं. गाडी टाकायच्या आदल्या दिवशी त्या पानाचा फोटो काढा. गेल्या वर्षी माझ्या एस्टिमेटमध्ये इंजेक्टर क्लिनिंग, एसी डिसइन्फेक्शन आणि इंजिन फ्लशिंग अशा तीन ओळी जादा होत्या, साडेतीन हजारांच्या आसपास. मी फोटो दाखवून म्हटलं, ‘यातलं कुठलं या तक्त्यात आहे?’ सर्व्हिस ॲडव्हायझर हसला, ‘सर, ते ऑप्शनल आहे,’ म्हणाला आणि तिन्ही ओळी काढून टाकल्या. भांडण नाही, आवाज नाही. त्याचंही टार्गेट असतं, त्यात त्याचा दोष नाही. पण विचारलं नसतं तर पैसे गेलेच होते.

जॉब कार्ड, म्हणजे वर्कशॉपचा कामाचा कागद, लिहिताना ‘आवाज येतो’ एवढं लिहू नका. कधी येतो, किती वेगात, डावीकडून की उजवीकडून, थंड असताना की तापल्यावर, ते लिहून घ्या. आवाजाचा व्हिडिओ फोनवर ठेवा, कारण वर्कशॉपच्या दारात गेल्यावर गाडी गुणी बाळासारखी गप्प होते, हा अनुभव कोणाला नाही? शक्य असेल तर मेकॅनिकला शेजारी बसवून एक चक्कर मारा. ‘मला विचारल्याशिवाय जादा काम करू नये’ आणि ‘बदललेले जुने पार्ट परत द्यावेत’ ही दोन वाक्यं कार्डावर लिहायला लावा. किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटा यांचा फोटो काढून मगच किल्ली द्या.

वॉरंटीचं थोडं. ब्रेक पॅड, क्लच, वायपर, बल्ब यांसारखे झिजणारे भाग वॉरंटीत सहसा धरत नाहीत. टायर आणि बॅटरीची वॉरंटी त्या-त्या कंपन्यांची असते. बाहेरच्या दुकानात वायरिंग कापून लाइट किंवा म्युझिक सिस्टिम बसवलीत की इलेक्ट्रिकलची वॉरंटी हातची जाते. वायर न कापता, कप्लर (तयार जोडणी) लावून बसणारी वस्तू घ्या. सीटच्या बाजूला एअरबॅगचं लेबल असेल तर साधं सीट कव्हर घालू नका. आणि पुढच्या बंपरवर लोखंडी गार्ड बसवू नका. तो बेकायदा आहे आणि धडकेत एअरबॅगचा हिशेबही चुकवतो.

रस्त्यात बंद पडली तर

रोडसाइड असिस्टन्स दोन ठिकाणी असू शकतं: कंपनीकडे आणि विम्याकडे. दोन्हींची मुदत आणि नंबर आजच फोनमध्ये ‘गाडी मदत’ अशा नावानं सेव्ह करा. बिघाडानंतर पॉलिसीची पीडीएफ उघडत बसायची वेळ येऊ नये, घाटात नेट नसतं.

आधी गाडी शक्य तितकी डावीकडे, चारही इंडिकेटर चालू (आता वापरायचे ते), इशाऱ्याचा लाल त्रिकोण रस्त्यावर बराच मागे. माणसं गाडीत बसवून ठेवू नका, रेलिंगच्या पलीकडे उभी करा. फोनवर सांगताना रस्ता, दिशा आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडाचा आकडा सांगा. ‘खंबाटकीच्या अलीकडे’ म्हटलं तर अलीकडे म्हणजे पुण्याकडून की साताऱ्याकडून, यात अर्धा तास जातो. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा हेल्पलाइन नंबर आहे, अपघात असेल तर ११२ किंवा ॲम्ब्युलन्ससाठी १०८. ऑटोमॅटिक किंवा ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर फ्लॅटबेडच मागा. टो करायचा हुक टूलकिटमध्ये असतो आणि बंपरवरच्या छोट्या झाकणामागे फिरवून बसवतात. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, जोर लावायच्या आधी पान बघा.

रिकॉल

कंपनीला स्वतःच्या गाडीत दोष सापडला की ती परत बोलावून फुकट दुरुस्त करते. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानं सरकारलाही रिकॉलचा आदेश देता येतो, आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. पत्र येतं ते पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर, म्हणून वाट बघत बसू नका. आरसीवरचा चासी नंबर म्हणजे सतरा अक्षरांचा व्हिन. तो कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या पानावर टाकला की तुमची गाडी यादीत आहे का ते कळतं. वर्षातून एकदा, विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी, हे करा. अमेरिकेत असाल तर तिथल्या रस्ता सुरक्षा संस्थेच्या, एनएचटीएसएच्या साइटवर हाच नंबर टाकता येतो.

ऐकलंच नाही तर

क्रम सोडू नका. आधी वर्कशॉपचा सर्व्हिस मॅनेजर, तोंडी नाही, मेलवर. त्यात जॉब कार्डांचे नंबर, तारखा, किलोमीटर आणि तुम्हाला नेमकं काय हवंय ते एका ओळीत. मग कंपनीचं कस्टमर केअर, आणि त्यांच्याकडून तक्रार क्रमांक घ्या. डीलर आणि कंपनी वेगवेगळ्या आहेत. डीलर ‘कंपनी अप्रूव्ह करत नाही’ म्हणतो आणि कंपनी ‘डीलरशी बोला’ म्हणते, तेव्हा दोघांनाही एकाच मेलमध्ये ठेवलं की हा चेंडू थांबतो. रागानं लिहू नका. चार जॉब कार्डांवर तोच आवाज नोंदवलेला असणं हे चार पानी शिवीगाळीपेक्षा जड पडतं.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथून तक्रार कंपनीकडे जाते आणि पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, शोरूम मुंबईत असलं तरी तुम्ही सांगलीत दाखल करू शकता. गाडीची दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. ५ लाखांपर्यंतच्या किमतीला फी नाही. ऑनलाइनही दाखल होते आणि वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र कारण घडल्यापासून २ वर्षं. ‘कंपनीशी बोलणं चालू होतं’ या सबबीवर ती सहज वाढत नाही.

उत्पादनातला दोष आहे असं म्हणायचं असेल तर ते सिद्ध करावं लागतं, आणि गाडी तुमच्याकडे हजारो किलोमीटर पळालेली असते. म्हणून तक्रार करण्याआधी एखाद्या जाणत्या, त्या डीलरशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाकडून लेखी अहवाल घ्या. आयोगाला गरज वाटली तर तो स्वतः प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण तुमच्याकडचा कागद आधी असला की बोलणं वेगळ्या पातळीवरून सुरू होतं. आणि तोवर गाडीचा तो भाग दुसऱ्या गॅरेजमधून खोलून घेऊ नका. एकदा बाहेरचा पाना लागला की दोष कोणाचा हे सांगणं अवघड होऊन बसतं.